गुत्त्याचा मालक

अहिल्यानगरहून (आम्हां जुन्या माणसांच्या जिभेवर अजून नगरच!) दौंडच्या वाटेने निघाले की काही मैलांवर अरणगाव लागते. तेथे मेहेरबाबांची समाधी आहे. दरवर्षी 31 जानेवारीला, त्यांच्या 1969 मधील देहत्यागाच्या दिवशी, देशोदेशीचे लोक तेथे जमतात. त्यांचा पंथ माझा नव्हे. परंतु त्यांच्या तारुण्यातील एक प्रकरण मला वारंवार आठवते. हे गृहस्थ एके काळी पुण्यात ताडीचा गुत्ता चालवीत असत.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म 1894 मध्ये पुण्यात झाला. वडील इराणातून आलेले. चहाच्या व ताडीच्या दुकानांवर त्यांनी संसार उभा केला. मुलगा सेंट व्हिन्सेंट या आपल्या मिशनच्या शाळेत शिकला, पुढे डेक्कन कॉलेजात गेला, आणि 1919 च्या सुमारास बेहरामजी या मित्रासह कसबा पेठेत गुत्त्याचा मालक झाला.

ताडी ही मोठी विलक्षण वस्तू. पहाटे झाडावरून उतरविलेली नीरा गोड व निरुपद्रवी असते. ऊन चढू लागले की तीच आंबते आणि माणसाला चढते. असे पेय विकणारा हा मालक स्वतः दुकान झाडी, बाटल्या धुई आणि गिऱ्हाइकांना 'कमी प्या, जमल्यास सोडून द्या' असे सांगे, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. 1921 मध्ये असहकाराच्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढे निदर्शने होऊ लागली, त्या सुमारास तो गुत्ता बंद पडला. 1923 मध्ये त्याचा मालक अरणगावला आला.

माझे वडील राहुरीकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. 1949 च्या कायद्याने दारूबंदी आली होती, तरी ओढ्याकाठची हातभट्टी काही विझली नव्हती. तिन्हीसांजेला आई मला तिकडे पिटाळी. मी दाराशी उभा राहून 'दादा, घरी चला' म्हणे, आणि बहुधा एकटाच परते.

एकदा मात्र भट्टीवाल्याने वडिलांच्या पुढचा पेला उचलून बाजूला ठेवला. "मास्तर, पोरगं उभं हाय. आज एवढंच," तो म्हणाला. वडील संतापले, त्याला नको नको ते बोलले. पण माझ्यामागून चालत घरी आले. त्या रात्री आम्ही सर्वांनी मिळून जपमाळ म्हटली आणि एकत्र जेवलो. दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा भरला गेला. वडील पन्नाशी पाहू शकले नाहीत.

त्या भट्टीवाल्याला मी कित्येक वर्षे मनातून शाप दिले. कसबा पेठेतील तो मालक वाचनात आला, तेव्हा प्रथमच ध्यानात आले की, त्याने जे रोज केले, ते आमच्या भट्टीवाल्यानेही एकदा केले होते. पदरचे गिऱ्हाईक गमावून त्याने मला माझे वडील एका रात्रीपुरते परत दिले होते.

आता 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावताना मी त्याचेही नाव घेतो. तो आपल्या धर्माचा नव्हता.