मोटर का जळली?

इंजिनिअर झालेल्या पोराला गावाकडून दोन प्रकारचे फोन येतात. एक, मोबाईल हँग झालाय. दुसरा, लाईटीचं काहीतरी बिघडलंय. आपण सॉफ्टवेअरवाले, वायरला हात लावून वर्षं झाली, पण हे घरच्यांना कोण सांगणार? डिग्री आहे ना, मग यायलाच हवं! असो.

गोष्ट डिसेंबर २०२१ ची. रात्री साडेअकराला अण्णांचा फोन आला. उदगीरजवळच्या आमच्या शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती.

"व्होल्टेज लई कमी दाखवलालंय. ३३० च्या वर काटाच जाईना. मोटर कण्हल्यासारखी करलालीय. बंद करू का?"

थ्री फेजला ४१५ च्या आसपास पाहिजे. मी पुण्यात, पांघरुणात. डोक्यात शाळेपासून पाठ असलेलं सूत्र: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. व्होल्टेज कमी, तर करंट कमी. करंट कमी, तर ताप कमी. सोप्पं!

"चालू द्या अण्णा, काही होत नाही. जास्त व्होल्टेजची भीती असते, कमीची नाही," असं ठासून सांगितलं आणि झोपलो.

पहाटे मोटर जळाली. हरभरा फुलात होता आणि निम्मं रान कोरडं राहिलं. अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. "जुनीच होती म्हणा ती," एवढंच म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी उदगीरला गेलो. मोटर भरायला दिली होती तिथं अण्णांसोबत गेलो. कारागिरानं मोटर उघडून ठेवली होती, तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्याठिक्कर. त्यानं बघूनच सांगितलं, "लो व्होल्टेजवर ओढली." एक फेज गेला असता तर काही कॉइल जळाल्या असत्या, काही चांगल्या राहिल्या असत्या. तिन्ही सारख्या भाजल्या म्हणजे करंटच जास्त गेला. मी खाली मान घालून ऐकत होतो.

रात्री वही घेऊन बसलो. आधी सोपं गणित केलं, घरातल्या पाणी तापवायच्या रॉडचं. रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट लिहिलेलं. वॅट भागिले व्होल्ट, म्हणजे करंट साडेसहा अँपिअर. व्होल्ट भागिले करंट, म्हणजे रेझिस्टन्स साधारण ३५ ओहम. आता व्होल्टेज १७० वर आलं तर? ओहम तेवढेच राहतात, म्हणून करंट ४.८ अँपिअरवर येतो आणि पॉवर जेमतेम ८२० वॅट. व्होल्टेज पाव हिश्श्यानं घटलं, तर पॉवर जवळपास निम्मी! २३ मिनिटांत तापणाऱ्या बादलीला ४० च्या वर मिनिटं लागणार. पण रॉडला धोका काही नाही. म्हणजे माझं फोनवरचं उत्तर बरोबर होतं, फक्त ते रॉडसाठी होतं..

ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. त्यानं १८२७ मध्ये हा नियम छापला, तो तारांवर प्रयोग करून. तार बिचारी जेवढं व्होल्टेज मिळेल तेवढ्यात भागवते. मोटरचं तसं नाही. तिच्या डोक्यावर विहिरीतलं पाणी वर चढवायचं काम असतं आणि व्होल्टेज पडलं म्हणून पाण्याचं वजन कमी होत नाही. मोटर थोडी मंदावते आणि तेच काम रेटायला जास्त करंट ओढते.

आमची मोटर ५ एचपीची. ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेणारी. ३३० ला ढोबळमानानं साडेनऊ. दोन अँपिअरनं काय होतंय, असं वाटेल. पण तांब्याच्या तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, हे जूलनं १८४१ मध्येच सांगून ठेवलंय. करंट सव्वापट, तर ताप दीडपटीच्याही वर. तासन् तास तसं चाललं की तारेवरचा वॉर्निश करपतो आणि खेळ खलास.

मग स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले का पडला नाही? तो सारखा पडतो म्हणून मागं कुणीतरी त्याचा काटा वर सरकवून ठेवला होता! मोटर वाचवणारी एकच गोष्ट, तीही आम्हीच गप्प केलेली. आता तो काटा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलाय.

सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. ते चहा पीत म्हणाले, "मोटर कण्हलालती, मला कळलालतं. पण तू शिकलेला, म्हणून चालू ठेवली."

हे वाक्य मोटरपेक्षा महाग पडलं, राव. त्यांच्या कानाला बरोबर कळलं होतं आणि माझ्या डिग्रीनं ते खोडून काढलं होतं.

आता लाईटीचा फोन आला की मी आधी विचारतो, "अँपिअरचा काटा कुठं आहे? आवाज कसा येतोय?" उत्तर नंतर. आणि पुष्कळदा उत्तर एवढंच असतं, "तुम्हाला काय वाटतंय अण्णा? मग करा बंद."