उरलेला ताण

वेल्डिंग म्हटलं की आपल्याला वर्कशॉपमधल्या ठिणग्या आणि जर्नलवरची सही आठवते. दोन पट्ट्या मोकळ्या ठेवून जोडल्या, की थंड होताना त्या वर उचलल्या जातात. क्लॅम्पमध्ये करकचून धरल्या तर सरळ राहतात, सरही खूश! पण गंमत इथेच आहे. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. त्याला आकसू दिलं नाही, तर ती ओढ आतच राहते. हाच रेसिड्युअल स्ट्रेस. पुस्तकी मराठीत 'अवशिष्ट ताण'. मला कॉन्व्हेंटवालीला 'उरलेला ताण'च बरा वाटतो. वाकडा जॉब निदान बोलतो तरी. सरळ जॉब गप्प असतो, आणि भीती त्याचीच वाटते.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. त्यांत अणुभट्टीतच पाणी उकळतं, सुमारे 285 अंशांना. पाइप 304 स्टेनलेस स्टीलचे. स्टेनलेस म्हणजे गंजणार नाही, असं आपण धरून चालतो. पण वेल्डच्या शेजारचा भाग 500 ते 800 अंशांतून जातो, तेव्हा कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमियम 12 टक्क्यांच्या खाली गेलं, की तिथलं कवच संपलं. त्यात किरणोत्सर्गाने पाणी फुटून झालेला ऑक्सिजन, आणि आपला उरलेला ताण. तिघे जमले की सीमेसीमेने तडा पुढे सरकतो.

मग भट्टीत 650 अंशांवर ठेवून ताण काढून टाकावा की! साध्या पोलादाला चालेल. 304 चा मात्र अख्खा पाइपच बिघडेल. म्हणून कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत असलेलं स्टील वापरतात, पाण्यात हायड्रोजन सोडतात. हे शहाणपण उशिरा आलं. अमेरिकेत ड्रेस्डेनच्या अणुभट्टीत 1974 मध्ये असे तडे सापडले. त्यामुळे तारापूरच्या डिझाइनवाल्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

2020 मध्ये या दोन्ही अणुभट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या. पाणी फिरवणारे ते पाइप काढून जास्त गंजरोधक पाइप बसवायचं कामही त्यातच आलं. अशा जागी कामगाराला वर्षाला 30 मिलिसिव्हर्टच्या वर डोस चालत नाही. वेल्डरचा हात कितीही चांगला असो, ठरलेला डोस भरला की त्याने बाहेर यायचं आणि पुढचा जोड दुसऱ्याने करायचा.