उरलासुरला उजेड

गुहेत प्रकाशसंश्लेषण! वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडच्या गुहांत, जिथे आपल्याला टॉर्चशिवाय भिंतही दिसू नये, तिथे सायनोबॅक्टेरिया उजेडावर जगतात. सायनोबॅक्टेरिया म्हणजे भातशेती करणाऱ्यांच्या ओळखीचं निळं-हिरवं शेवाळ. चुनखडीच्या भिंतींवरून परावर्तित होत जो गडद तांबडा, अवरक्ताला लागून असलेला प्रकाश आत झिरपतो, त्यावर यांचं भागतं.

हे जमतं क्लोरोफिल एफमुळे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे आहे. तिथल्या स्ट्रोमॅटोलाइट नावाच्या थराथरांच्या खडकांतून मिन चेन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली ते शोधलं. साठहून अधिक वर्षांत सापडलेलं हे पहिलंच नवं हरितद्रव्य! नेहमीचं हरितद्रव्य 700 नॅनोमीटरच्या आसपास हात टेकतं, हे 750 पर्यंत काम करतं. आणि या सायनोबॅक्टेरियांचा धोरणीपणा बघा: यातले बरेच जण चांगल्या उजेडात हे बनवायच्या फंदातच पडत नाहीत. अंधारून आलं की मगच.

गुहा सोडा, तळ्यातही मारामार असतेच. वरच्या शेवाळाने निळा आणि तांबडा प्रकाश आधीच लाटलेला. खाली उरतो हिरवा-पिवळा-नारिंगी, हरितद्रव्याच्या फारशा उपयोगाचा नसलेला. तो टिपायला सायनोबॅक्टेरिया रंगीत प्रथिनांचे झुपके बांधतात, त्यांना म्हणतात फायकोबिलिसोम. टोकाला असलंच तर फायकोएरिथ्रिन, ते 560 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा घेतं. मग फायकोसायनिन 620चा नारिंगी. गाभ्यात ॲलोफायकोसायनिन 650चा तांबडा. कौलांवरचं पाणी पन्हळीतून हंड्यात उतरावं तशी ऊर्जा टप्प्याटप्प्याने हरितद्रव्यापर्यंत उतरते, आणि सांडतात ते शंभरात पाचच भाग, तेही क्वचित. आपल्या सौरपॅनेलवाल्यांनी हेवा करावा असं काम!

याचा पुरावा चक्क ग्लासात बघता येतो. स्पिरुलिनाही याच गोतावळ्यातली. तिची हिरवी पावडर पाण्यात भिजवून गाळली की खाली उतरतं निळंशार पाणी: फायकोसायनिन. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते गाळातच राहतं. आता पकडलेली ऊर्जा फायकोसायनिनने द्यायची कुणाला? घेणारं गिऱ्हाईकच नाही! मग ती प्रकाश होऊन बाहेर पडते. टॉर्च मारून बाजूने पाहिलं, तर निळ्या पाण्यात लाल झाक. मी घरातल्या प्रत्येकाला ओढत आणून दाखवली. एकाने शांतपणे विचारलं, "हे प्यायचं का?"

तुम्हीही करून बघा. चिमूटभर साधी स्पिरुलिना पावडर, गार पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळायची. पाणी फिकट निळं होईल इतपत पातळ करा आणि खोलीत अंधार करा. गरम पाणी मात्र घेऊ नका, रंग मरतो.