सर्व्हर उठत नाही तेव्हा

चालता चालता बिघडणाऱ्या सर्व्हरपेक्षा सुरूच न होणारा सर्व्हर मला अधिक भरवशाचा वाटतो. चालू असताना बिघडलेला सर्व्हर मधूनच मंदावतो, अर्धवट उत्तरं देतो आणि आपण पाहायला बसलो की पुन्हा सुरळीत होतो. न उठणारा मात्र जागच्या जागी थांबतो आणि बहुतेक वेळा का थांबला ते लॉगमध्ये लिहून ठेवतो. ते वाचायच्या आधीच आपला हात पुन्हा स्टार्टकडे जातो.

लिनक्सवरचं सिस्टीमडी या घाईला थोडा लगाम घालतं. 10 सेकंदांत 5 वेळा सर्व्हिस सुरू करून झाली की पुढची विनंती ते नाकारतं आणि फार भराभर सुरू केली जात असल्याचा संदेश नोंदवतं. नव्या मुलांना नेमका हाच संदेश दिसतो, कारण तो शेवटचा असतो. खरं कारण शेवटच्या ओळीत क्वचितच सापडतं. जर्नलमध्ये मागे मागे जात पहिल्या प्रयत्नापर्यंत पोचावं. तिथे बहुधा एखादं साधं वाक्य असतं: पोर्ट आधीच वापरात आहे, परवानगी नाही, डिस्कवर जागा नाही.

ही वाक्यंही नीट तपासावी लागतात. जागा नाही म्हणतोय आणि डिस्क तर अर्धी रिकामी, अशा वेळी बारीकसारीक फायलींच्या ढिगाने आयनोड संपवलेले असू शकतात. परवानग्या बरोबर दिसत असूनही नकार येतो, तेव्हा एसइलिनक्सचं लेबल पाहावं. इथे कुणीतरी हमखास सुचवतं, "777 देऊन टाक." पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेटा डिरेक्टरीला तसं दिलंत, तर तो त्याच कारणाने उठायचा नाही. 0700, आणि 11 व्या आवृत्तीपासून 0750, एवढंच त्याला चालतं. रूट म्हणून चालवायला गेलात तरी तो नाही म्हणतो. हा ताठपणा मला मनापासून आवडतो. त्याच्या पोटात लोकांचे हिशेब असतात.

"काल तर चालू होता," हे वाक्य दर वेळी कानावर येतं. ते खरंच असतं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. सर्व्हर उठताना कॉन्फिग फाइल वाचतो आणि मग महिनोन्‌महिने मेमरीतल्या त्याच माहितीवर चालत राहतो. मधल्या काळात कुणी त्या फाइलमधला एखादा अर्धविराम पुसला, सर्टिफिकेट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं, किंवा हाताने जोडलेल्या डिस्कची एफएसटॅबमध्ये नोंद करायची राहिली, तरी तेव्हा काहीच बिनसत नाही. चूक मार्चमधली असते आणि मशीन रीबूट होतं जुलैत. म्हणून आज काय केलंत, असं मी विचारत नाही. हा याआधी कधी उठला होता आणि त्यानंतर कशाकशाला हात लागला, हे विचारते. एनजिनएक्स आणि अपाचे, दोघांतही कॉन्फिग तपासून घेण्याची सोय आहे. बदल केल्याबरोबर ती वापरणारी माणसं मला फार थोडी भेटली.

एका पतसंस्थेत पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि पोस्टग्रेसचा सर्व्हर कामाच्या मध्येच बंद पडला. वीज आली, मशीन उठलं, डेटाबेस उठेना. काउंटरवर गर्दी. तिथल्या मुलाचा फोन आला, "मॅडम, सुरू होतो आणि आपोआप बंद पडतो." त्याला म्हटलं, हात मागे घे आणि लॉग वाचून दाखव. आधीचं काम अचानक तुटल्याची नोंद होती, मग रीडू सुरू झाल्याची, मग बंद होण्याचा हुकूम मिळाल्याची. हा हुकूम सोडत कोण होतं? वेळा ताडून पाहिल्या, तर दर खेपेला अंतर दीड मिनिटाचं.

सर्व्हिस तयार व्हायला सिस्टीमडी मुळात 90 सेकंदांची मुदत देतं. अचानक बंद पडलेला पोस्टग्रेस मात्र शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या वॉल नोंदी, म्हणजे बदलांच्या आगाऊ लिहून ठेवलेल्या नोंदी, एकेक करून पुन्हा लागू करतो, आणि तिथल्या जुन्या, संथ डिस्कवर ते काम तेवढ्यात उरकणारं नव्हतं. मुदत संपली की त्याला थांबवलं जाई आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून सुरुवात करी. सर्व्हर बिघडलेलाच नव्हता, त्याला काम पुरं करू दिलं जात नव्हतं. मुदतीची अट काढली आणि थांबलो. लोक ताटकळले, पण एकही नोंद न गमावता तो उठला. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेतही या मुदतीबद्दल स्पष्ट इशारा आहे. 15 व्या आवृत्तीपासून तर लांबलेल्या रीडूची प्रगती दर 10 सेकंदांनी लॉगमध्ये दिसते.

मधल्या वेळात कुणीतरी त्या मुलाला वॉलच्या फायली पुसायला सांगितलं होतं. वीज जाण्याआधी झालेल्या भरण्यांच्या ताज्या नोंदी त्याच फायलींत होत्या. हा सल्ला नवा नाही. या फायलींच्या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी एक्सलॉग असं होतं. नावातला लॉग पाहून लोक फायली निकामी समजत आणि काढून टाकत. म्हणून 2017 मध्ये, 10 व्या आवृत्तीत, ते पीजी वॉल करण्यात आलं.

तेव्हा न उठणाऱ्या डेटाबेसच्या एकाही फाइलला हात लावण्याआधी सबंध डेटा डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. आणि सगळं व्यवस्थित चालू असताना, एखाद्या सुटीच्या दिवशी, बॅकअप घेऊन मशीन मुद्दाम रीबूट करून पाहा. काही अडलं तरी काउंटर उघडायच्या आत लॉग शांतपणे वाचायला वेळ मिळेल.