रविवारची गोळी

आईच्या हातांना आज भाकरी थापता येते, ती खराडीतल्या एका डॉक्टरीणबाईंमुळे. नाव लिहीत नाही. त्यांना आवडायचं नाही.

त्याआधी तेल झालं, लेप झाले, पेनकिलर झाल्या. हाडांच्या डॉक्टरांकडे एक्सरेही काढला. वयोमान, असं उत्तर मिळालं. चंदननगरच्या सिग्नलला रिक्षानं गचका दिला, की आई मनगट पोटाशी धरायची.

बाईंनी आधी फाइल मागितलीच नाही. "काकू, सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?"

"दूध तापून निवेपर्यंत."

त्यांनी लिहिलं, तासाहून जास्त. मग खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरं, गुडघे असे 28 सांधे एकेक करून दाबले, तेही आईच्या चेहऱ्यावर नजर ठेवून. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, पण त्यात काय येणार हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. आमवात, म्हणजे आरए. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते.

एमबीबीएस, मग मेडिसिनमधलं एमडी, त्यावर तीन वर्षं डीएम. इतकं शिकून संधिवाताचीच शाखा का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "एमडी करताना वॉर्डात तिशीतल्या बायका यायच्या. बोटं वाकडी झाल्यावर यायच्या."

आईचं माहेर भिगवण, हे कळल्यावर मात्र त्या खुलल्या. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं 1996 साली तिथे घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना सांधेदुखीबद्दल विचारलं होतं. दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला आमवात निघाला. भारतातल्या खेड्यांत हा आजार किती, हे सांगताना आजही भिगवणचा दाखला देतात. आई म्हणाली, "वहिनी सांगायची खरी, दुखतंय का विचारायला माणसं आलती."

औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून चिठ्ठीवर 'रविवार' लिहून खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशी फोलिक ॲसिड. पुढे वाचनात आलं, की या दोन्ही गोळ्यांचं मूळ अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत, भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूच्या कामात आहे. ते 1948 सालीच गेले, आणि आमवातासाठी या औषधाला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली 1988 साली. त्यांचे उपकार कुठे फेडायचे?

आईनं आपल्यापुरता मार्ग काढलाय. सोसायटीच्या बाकावर कुणी बोटं चोळताना दिसलं, की ती सकाळच्या आखडण्याची चौकशी करते आणि पत्ता देते. अशा दोघीजणी जाऊन आल्यावर बाई हसत म्हणाल्या, "काकू, मी कट देत नाही हां."