सुसूचे घर

नैरोबीहून पूर्वेला किटुईकडे निघाले की हळूहळू हिरवळ मागे पडते. लाल माती, काटेरी झाडे, कोरड्या नद्यांमधली वाळू. मराठवाड्यात वर्षानुवर्षे शाळा केलेल्या आम्हा दोघांना हा मुलूख परका वाटला नाही. कोकणातून पूर्व आफ्रिकेत जाऊन स्थायिक झालेल्या मुस्लिम घराण्यांपैकी एक आमच्या मामूंचे. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. तेच आम्हाला गाडीतून न्युम्बानी गावात घेऊन गेले. स्वाहिलीत न्युम्बानी म्हणजे ‘घरी’.

केनिया सरकारने १९९९ मध्ये एड्स ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. या रोगाने कमावती पिढीच नेली; मागे उरले म्हातारे आणि लेकरे. फादर अँजेलो डी’अगोस्टिनो हे अमेरिकन धर्मगुरू, पेशाने डॉक्टर. त्यांनी १९९२ साली नैरोबीत एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी घर उघडले होते. पण यतीमखान्याच्या चार भिंतींत मुले मावणार किती? म्हणून किटुईतल्या सुमारे १००० एकर जमिनीवर अख्खे गावच वसवले गेले. मुले सुमारे १०००, आजी-आजोबा १००. एका घरात एक आजी आणि दहाएक मुले. त्यातली काही तिची सख्खी नातवंडे, बाकीची दुसऱ्यांची. चूल मात्र एकच.

कांबा भाषेत आजीला ‘सुसू’ म्हणतात. आम्ही ज्या सुसूकडे बसलो, तिच्या पातेल्यात कांडलेला मका आणि घेवड्याचे दाणे शिजत होते. सोबत ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी. या नावाचा अर्थ ‘आठवडा ढकला’! महिनाअखेरीला आमच्या घरीही अशीच एखादी भाजी असते, फक्त तिला इतके खरे नाव नाही.

मुले शाळेतून आली की पाणी आणतात, भाजीचे वाफे बघतात. मोठी झाली की सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम शिकतात. बाहेरच्या गावांतही हाताला हात लावायची रीत जुनी आहे. एकत्र येऊन काम करणाऱ्या गटाला इथे ‘म्वेथ्या’ म्हणतात. असे गट कोरड्या नदीत आडवी भिंत बांधतात, तिच्यामागे वाळू साठते आणि वाळूच्या पोटात पाणी. वर ऊन कितीही तापो, ते फारसे आटत नाही. बायकांच्या ‘चामा’ असतात, म्हणजे आपली भिशीच. त्यातून कुणाची शेळी येते, कुणाची फी भरली जाते.

खरी अडचण मूल अठरा वर्षांचे झाल्यावर येते. त्याने आपल्या मूळ गावी परतायचे असते. पण बापाची जमीन? यतीमांच्या जमिनी नातलगांनीच बळकावणे ही केनियातली जुनी तक्रार आहे. हातात हुनर असले तरी उभे राहायला जागा लागतेच. सुसूने मामूंमार्फत आम्हाला विचारले, “तुमच्याकडे बाप गेलेली मुले कुठे राहतात?” चुलत्याकडे, आजोळी, कधी वसतिगृहात, आम्ही सांगितले. “आणि जमीन कुणाच्या नावावर?”

सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलांचे नाव लावायचे राहून गेलेली किती घरे आम्हाला ठाऊक आहेत! यतीमाला समज आली की त्याचा माल साक्षीदारांसमोर त्याच्या हवाली करावा, हा सूरह अन-निसामधला हुकूम आपण दर्समध्ये ऐकतो. तलाठ्याकडे जायचे म्हटले की मात्र सगळ्यांनाच कामे निघतात. सुसूला आम्ही एवढेच म्हणालो, “काहींची मुलांच्या नावावर आहे, काहींची नाही.” तिने मान हलवली आणि पातेले खाली उतरवले.

गावाने मुकाऊची झाडे लावली आहेत. लाकूड टणक, वाळवी लागत नाही, भाव चांगला. देणग्यांची गरज अजून संपलेली नाही. पुढे या लाकडावर गावाचा खर्च निघावा अशी आशा आहे. मुकाऊ तोडणीला यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. आम्हाला रोपे दाखवणारा मुलगा सहावीत होता. कुठल्या झाडाला पाणी घालायची पाळी आज कुणाची आहे, हे त्याला तोंडपाठ होते.