अर्धा इंच

लहानपणी आम्हां मुलांत ज्या अपराधाला क्षमा नव्हती तो म्हणजे रडीचा डाव. हरणाऱ्याची थट्टा संध्याकाळपर्यंत विसरली जाई. परंतु विटी कोठे पडली याविषयी तंडणारा, किंवा चिंचोके मोजताना एखादा बोटाखाली दडविणारा मुलगा वर्षभर ध्यानात राही. पुढे न्याय, नीती इत्यादी भारदस्त शब्द कानी पडले, तरी त्यांचा अर्थ मनाशी पडताळून पाहावयास मला अद्याप हाच जुना शब्द उपयोगी पडतो. मध्यंतरी इंग्लंडात बहिणीकडे गेलो असता, भाच्याच्या एका विलक्षण खेळापायी तो पुन्हा आठवला.

हा खेळ म्हणजे टेबलावर मांडलेली लढाई. त्याचे कूळ मोठे आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे व फासे घेऊन लढाई खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात उभय पक्षांच्या मध्ये एक पंच असे. शत्रू कोठे दिसला, कोणाची किती माणसे पडली, हे सारे त्याच्या मुखातून कळावयाचे. पुढे १९१३ साली एच्. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून ही लढाई दिवाणखान्यात आणली. शिशाचे शिपाई, आणि लाकडाचे तुकडे उडविणाऱ्या खेळण्यातल्या तोफा! त्याचा एक नियम मला फार आवडतो. टेकड्या, घरे, झाडे वगैरे रणभूमी एकाने मांडावी, आणि कोणत्या बाजूने लढावयाचे ते दुसऱ्याने निवडावे. आमच्या आईने वेल्सचे नावही ऐकले नव्हते. पण बर्फीच्या बाबतीत तिचा कायदा हाच होता. एकाने कापावयाची, दुसऱ्याने आधी उचलावयाची.

हल्ली या खेळाचा जो प्रकार अतिशय लोकप्रिय आहे त्याचे नाव ‘वॉरहॅमर’. तो १९८३ साली निघाला, आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा त्याचा धाकटा भाऊ १९८७ साली. याच्या स्पर्धा भरतात. भाच्याबरोबर मी तशा एका स्पर्धेस गेलो. दिवाणखान्याएवढ्या शांततेची माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मंडईचा कोलाहल होता. ओळीने टेबले, त्यांवर हाताने रंगविलेल्या सैन्यांच्या पलटणी, आणि प्रत्येकाच्या हाती शिंप्याच्या टेपासारखी मोजपट्टी.

ती मोजपट्टी हेच या खेळाचे मर्म. बुद्धिबळात चौसष्ट घरे आखलेली असतात. घोडा या घरात आहे की त्या घरात, याविषयी वाद संभवत नाही. माणूस तेथे धूर्त असू शकेल, खोटे बोलावयास मात्र जागा नाही. येथे घरे नाहीत. शिपाई इंचांनी चालतो, बंदूक इंचांनी पल्ला गाठते. चोवीस इंचांचा पल्ला असेल, आणि शत्रू साडेचोवीस इंचांवर असेल, तर गोळी सुटत नाही. आता टेकडी उतरती, शिपाई कलता, टेबलास कोणाचा तरी गुडघा लागलेला. अशा वेळी तो अर्धा इंच कोणी पाहावयाचा? पंच असतात, परंतु एवढ्या टेबलांमागे दोन-तीनच, आणि तंटा झाल्यावर ते येतात तोवर शिपाई मुळी हललेला असतो. अर्थात सारा खेळ दोन माणसांच्या शब्दावर चालतो.

जुन्या खेळाडूंनी यावर एक सुंदर तोड काढली आहे. चाल करण्यापूर्वी आपला हेतू बोलून टाकावयाचा. “ही तुकडी मी तुमच्या तोफेच्या पल्ल्याबाहेर ठेवीत आहे, मान्य?” प्रतिपक्षी स्वतः मोजून “मान्य” म्हणतो. मग बाहीच्या धक्क्याने शिपाई जरा सरकला तरी बोललेला शब्द कायम. कुरुक्षेत्रावरही लढाईपूर्वी उभय पक्षांनी नियम ठरविले होते. ते पुढे कोणी किती पाळले हे वाचकांस ठाऊकच आहे.

याउलट, सौजन्यास गुण देण्याची जी चाल काही स्पर्धांत आढळते, ती मला मुळीच पटत नाही. प्रतिपक्षी कसा वागला याचे गुण प्रत्येकाने द्यावयाचे, आणि ते विजयाच्या गुणांत मिळवावयाचे! याचा परिणाम व्हावयाचा तोच होतो. हरलेला हात आखडतो, मित्र मित्राला पैकीच्या पैकी देतो, आणि समोरचा मनुष्य हसला तर तो का हसला असा संशय येऊ लागतो. उत्तम वागणाऱ्यास निराळे बक्षीस द्यावे. जय-पराजयाच्या हिशेबात ते धरू नये.

बरे, पंचाच्या हाती सर्व सोपविले म्हणजे भागते असेही नाही. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची तालीम ‘यामातो’ या युद्धनौकेवर अशीच टेबलावर घेतली. फुचिदा व ओकुमिया या दोन अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात तिची हकीकत आहे. फाशांप्रमाणे शत्रूचे नऊ बाँब लागून ‘आकागी’ आणि ‘कागा’ ही विमानवाहू जहाजे बुडाली. मुख्य पंच ॲडमिरल उगाकी यांनी नवांचे तीन केले, ‘आकागी’ वाचली. पुढल्या डावात ‘कागा’ही पुन्हा तरंगू लागली! ४ जून रोजी दोन्ही जहाजांवर खरे बाँब पडले, आणि दोन्ही बुडाली. तालमीच्या टेबलाभोवती दरबारी माणसांऐवजी विटीदांडू खेळणारी चार पोरे असती, तर कोणी तरी खचित ओरडले असते.

त्या दिवशी भाचा शेवटचा डाव एका वयस्कर गृहस्थाशी खेळत होता. त्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीअखेर मैदानात न उतरलेली राखीव तुकडी नष्ट झाली असे धरीत. गृहस्थ आपली तुकडी उतरवावयास विसरले, भाचा गप्प राहिला, तुकडी गेली. पुढच्याच फेरीत भाच्याने नेम धरला, तेव्हा तेच गृहस्थ नुसत्या नजरेने म्हणाले, “पल्ल्यात आहे, टाक फासे.” भाच्याने टेप लावला. अर्धा इंच कमी भरला. त्याने फासे खाली ठेवले, आणि तो डाव हरला.

रात्री जेवताना बहीण म्हणाली, “पहिल्या वेळी तोंडात मिठाची गुळणी, आणि दुसऱ्या वेळी एकदम हरिश्चंद्र! हे रे कसे?”

“आई, टेप माझ्या हातात होता. तुकडी त्यांची होती.”

मला त्याचे म्हणणे पटले. आपल्या हातचे माप खरे देणे हे ऋण आहे. दुसऱ्याचे विसरलेले आठवून देणे हे दान आहे, आणि दान न देणारा चोर ठरत नाही. बहिणीस हा भेद मान्य होईना. “घरी आलेला पाहुणा छत्री विसरून निघाला तर गप्प बसशील का, दादा?” मी म्हणालो, “पाहुण्याशी आपले युद्ध नसते.” “मग त्या म्हाताऱ्याशी याचे कोठे होते?” असे म्हणून ती ताटे उचलावयास लागली.

भाचा तेव्हा काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी त्याच गृहस्थाशी खेळावयाचे ठरले होते. विसरलेल्या गोष्टींची एकमेकांस आठवण द्यावयाची की नाही, हे सैन्य मांडण्यापूर्वीच त्यांना विचारणार आहे, असे जिना चढताना तो मला म्हणाला.